साडेदहाचा ठिपका

सहाव्या शुक्रवारीही त्याच डोंगरावर तोच लाल ठिपका उगवला, तेव्हा कुंदनने संगणकापुढे हातच जोडले.

ठिपका म्हणजे आग. सकाळी साडेदहाला उपग्रह सातपुड्यावरून जायचा आणि जळगावच्या कचेरीत बसून कुंदन त्याच्या चित्रांत वणव्याचा धूर शोधायचा. धूर दिसला की रावेरला वनरक्षक चुडामणला फोन. चुडामण जीप काढून वाघदऱ्याच्या पाड्यावर जायचा आणि संध्याकाळी ठरलेलं उत्तर द्यायचा.

"वणवा नाई साहेब. वल्या पाल्याची मूठभर राख हाये."

"कोणी पेटवला?"

"नऊ जण जबाबाले रावेरले आनले व्हते. कोनी तोंड उघडत नाई."

पाच वेळा राख, पाच वेळा मौन. पाचही वेळा कचेरीतल्या हितेंद्र साहेबांनी लाल शाईने 'खोटा इशारा' असा शेरा मारला. मधे एकदा कुंदनने सोनगीरजवळच्या हायवेवरची धूळ वणवा म्हणून कळवली होती. साहेब ते काही विसरले नव्हते.

"तुझं कंत्राट एकतीस मार्चला संपतंय," ते म्हणाले होते. "अजून एक खोटा इशारा, की तू धुळ्याला, आपल्या घरी. तिथे धूळ बघायला उपग्रह लागत नाही."

कुंदनचा राग साहेबांवर नव्हता, उपग्रहावरही नव्हता. राग होता त्या पाड्यावर. जानेवारीत तो स्वतः तिथे गेला होता. शाळेच्या भिंतीला चादर बांधून, चित्रं दाखवून त्याने तासभर घसा कोरडा केला होता. "साडेदहाला उपग्रह जातो. धूर दिसला की दोन तासांत आमची गाडी तुमच्या दारात!" लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. भिकुबाई नावाच्या म्हातारीने तर वेळ दोनदा विचारून घेतली होती. इतक्या समजदार गावात हा पाला पेटवणारा नतद्रष्ट कोण?

आज मात्र त्याने ठरवलं. गुन्हेगार स्वतः पकडायचा, पंचनामा करायचा आणि तो साहेबांच्या टेबलावर आपटायचा.

"चुडामणभाऊ, मी येईपर्यंत जीप हलवायची नाही."

"साहेब, उशीर व्हईन."

"आगीला कसली घाई? दर वेळी आपोआपच विझते ना!"

एसटीने रावेर गाठेपर्यंत एक वाजून गेला. घाट सुरू व्हायच्या आत जीप दोनदा केळीच्या ट्रकमागे अडकली. चुडामण सारखा घड्याळ बघत होता. कुंदनने आपली बॅग मागच्या सीटवर टाकली, तर त्याने ती उचलून कुंदनच्याच मांडीवर ठेवली.

"मांगे जागा लागते."

"कशाला?"

"जबाबाले."

या माणसाची कर्तव्यनिष्ठा बघून कुंदनला जरा बरं वाटलं. निदान एक तरी माणूस आपलं काम मनावर घेतो.

पाड्यावर पोचायला अडीच वाजले. चिंचेखाली धुराची शेवटची रेघ वर जात होती आणि तिच्याभोवती अकरा जण बसले होते. अंगावर धुतलेले कपडे, केसांना तेल. जवळ गाठोडी, डिंकाचे डबे, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. एक बाई तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसली होती.

टोळीच! सामानसुमानासकट फरार व्हायच्या बेतात. कुंदनने जीप थांबायच्या आत उडी मारली.

"हलायचं नाही! आग कोणी लावली?"

कोणी पळालं नाही. कोणी दचकलंसुद्धा नाही. सगळे उठले, कपडे झटकले आणि सवयीने रांगेत उभे राहिले. एकाने तांब्याभर पाणी ओतून राख विझवली. चुडामण खाली वाकून टायर बघायला लागला. टायर चांगले होते.

तापलेल्या पोराची आई आधी चढली. मग भिकुबाईने कोंबड्या सीटखाली सरकवल्या, खिडकीजवळची जागा धरली आणि पदराने घाम पुसत कुंदनकडे रागाने पाहिलं.

"साहेब, रावेरचा बाजार उठाले आला. आज इतला उशीर काऊन? तुमचा उपग्रह पंक्चर झाल्ता काय?"