कडव्याआधीचे तीन सेकंद

"अजून वर घे," संगीतकार म्हणाले.

घराच्या मागच्या खोलीत लेकीने थाटलेला हा स्टुडिओ. तिने जुन्या गाण्यावरचा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, आणखी वाढवला. पडद्यावर मघापर्यंत गाण्याचे चढउतार दिसत होते. आता नुसता जाड पट्टा उरला होता.

"बाबा, हळू आहे ते वर येतंय, मोठं आहे ते दबतंय. सगळं एका पातळीवर आलं. अशाने गाण्यातला जीव जाईल."

"जाऊ दे. ऐकू तर येईल. आजच्या गाण्यांच्या मागोमाग लागलं की आपलं पुचाट वाटतं."

गिऱ्हाईक बाप असला की वाद घालण्यात अर्थ नसतो. तिने कळ शेवटपर्यंत फिरवली.

गाणं तिच्या जन्माआधीचं. शब्द बाबांचे, चाल बाबांची, गळा आईचा. तिसऱ्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबतात. तीन सेकंद काही नाही, आणि मग आईचा आवाज थरथरत उठतो. त्या थरथरीवर लोक अजून जीव टाकतात. ती आपण कशी काढून घेतली, हे बाबांनी कितीतरी मुलाखतींत सांगितलं आहे.

वाद्यं थांबली. पण या वेळी शांतता झाली नाही. आधी खरखर वर आली. मग एक धापेचा श्वास, आणि आईची कुजबुज.

"मला उभं राहवत नाहीये हो."

त्यावर, तेव्हा आईच्या कानांवर असलेल्या हेडफोनमधून तिच्या माइकमध्ये झिरपलेला, डासाच्या गुणगुणीएवढा बाबांचा आवाज. "गा."

मग कडवं सुरू झालं.

लेकीने गाणं थांबवलं. मागे वळून बघायचा तिला धीर होईना.

"पुन्हा लाव," बाबा म्हणाले.

तिने लावलं. दुसऱ्यांदाही तेच ऐकू आलं.

"बरं नव्हतं का तिला?"

"ताप होता." ते उगाच चष्मा पुसत राहिले. "स्टुडिओ तेवढ्या एका दिवसापुरताच मिळाला होता." मग घसा खाकरून म्हणाले, "तेवढं काढून टाक. तिथे कोरी शांतता बसव. आणि आईपाशी बोलू नकोस."

काढणं काहीच कठीण नव्हतं. लेकीने ते तीन सेकंद निवडले. पडद्यावर तेवढा तुकडा निळा झाला. आता फक्त एक बटण दाबायचं राहिलं होतं, आणि तिचं बोट त्यावर टेकून तसंच थांबलं होतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला म्हणून ती वळली. बाबा उठून उभे राहिले होते. दारात आई होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. हातातला ओला टॉवेल पिळायचा राहून गेला होता, त्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही.

"काढू नकोस गं," ती लेकीला म्हणाली. "अख्खं गाणं ह्यांचं आहे. तेवढी एकच ओळ माझी."