साबणाचा फुगा

भर दुपारी तीर्थपुरीच्या गॅरेजात इंद्रभान मिस्त्री हर्षशेठच्या गाडीखाली सरकला. ही गाडी स्प्रिंगांवर नाही, हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर उभी राहायची. मागची डावी पिशवी मात्र तीनदा बदलूनही रोज खाली बसत होती.

"मामा, लाकडी ठोकळा न्हाई लावला? गाडी अंगावर आली मंग?"

"तुमचं बारसं बी न्हवतं झाल्तं, तवापासून गाड्याखाली झोपून राह्यलो मी. पाच मिन्टाचं काम हाय, शेठ."

त्यानं पिशवीवर साबणाचं पाणी चोपडलं. हवा जिथून गळते तिथं फुगा येतो. तसा तो आला. चोर सापडला म्हणून इंद्रभाननं हुश्श केलं, आणि फुगा आत ओढला गेला.

गळणारी हवा बाहेर येते. आत जाताना त्यानं कधी पाहिली नव्हती.

त्यानं श्वास घेतला. फुगा फुगला. त्यानं श्वास सोडला. फुगा बसला आणि गाडी बोटभर खाली आली.

त्यानं घाईनं बाहेर सरकायला पाहिलं, तेवढ्यात आणखी एक श्वास सुटला. आता लोखंड सदऱ्याच्या गुंडीला टेकलं होतं. सरकायला जागाच उरली नव्हती.

इंद्रभाननं मावेल तेवढा श्वास घेतला आणि धरून ठेवला. डोळ्यांसमोर तो फुगाही थांबला, लिंबाएवढा, थरथरत.

"मामा, गप का झाले?" हर्षनं गाडीचं दार उघडलं. "मी आत बसून वजन टाकू का? न्हाई तर न्हाई म्हणा."

नाही म्हणायला श्वास सोडावा लागणार होता.