मोजदाद

शाळेतल्या बाई चर्चमध्ये लग्न ठरलेल्या जोडप्यांचा वर्ग घ्यायच्या. संततिनियमनाच्या गोळ्या चर्चला मान्य नाहीत. मूल नको असेल तर दिवस मोजायचे आणि सांभाळून राहायचं, असं त्या शिकवायच्या. एकदा एका मुलीने लाजत विचारलं, “बाई, तुम्हाला दोनच मुलं. म्हणजे हे जमतं ना?”

“जमतं की,” बाई म्हणाल्या. त्या स्वतः बारा वर्षं गोळ्या घेत होत्या. कन्फेशनला, फादरपुढे पापं कबूल करतानाही, ते कधी ओठांवर आलं नव्हतं.

तीन वर्षांनी तीच मुलगी चर्चच्या दारात भेटली. एक मूल कडेवर, एक बोटाला, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. चेहरा पार ओढलेला.

बाईंना पाहून ती ओशाळं हसली. “तुम्ही नीट शिकवलं होतं, बाई. माझंच मोजायला चुकतंय.”