विसरलेली तार

"देवा, चूक तुझी आहे. तार सोडायची आठवण तू मला का नाही केलीस?" रिकाम्या चर्चच्या पहिल्या बाकावर मिस्त्री भांडत बसला होता.

बेकरीतलं पीठ मळायचं यंत्र त्यानंच दुरुस्त केलं होतं. तपासताना जाळी उघडी असतानाही यंत्र फिरावं म्हणून त्यानं जाळीचा सुरक्षा-स्विच तारेनं बांधला, आणि तो तसाच ठेवून चहाला गेला. पीठ टाकणाऱ्या बाईची दोन बोटं गेली. मालक म्हणाला, बाईच धांदरट, आणि तिला कामावरून काढून मोकळा झाला. मिस्त्रीनं तोंडात मिठाची गुळणी धरली.

मागची बाकं पुसणारी त्याची बायको थांबली. "तीन रविवार झाले, त्याच्याशीच भांडताय. बोटं काय देवाची गेलीत?"

"गुडघे टेकून क्षमा मागितलीय मी. त्यानं केलीही असेल."

"तो पडला मोठ्या मनाचा. ती बाई मात्र अजून स्वतःच्याच हाताला दोष देतेय."

"अगं, वेळेवर आठवण झाली असती तर..."

तिनं पदराची गाठ सोडून तारेचा तुकडा त्याच्यासमोर ठेवला. "तुमच्या पँटच्या खिशात सापडला. विसरलेली तार यंत्रावरच राहते. ही खिशात आली, म्हणजे लोक त्या बाईचं रक्त थांबवत होते, तेव्हा ती गुपचूप काढून घ्यायची तुम्हाला बरोबर आठवण झाली होती."

मिस्त्रीनं वर क्रूसाकडे पाहिलं.

"तिकडे नको, इकडे बघा. बेकरी सातला बंद होते. मालकाला जाऊन काय सांगणार, ते आधी मला सांगा."