लाहिजानचा चहा

लाहिजानच्या घरच्या बागेतली वसंतातली पहिली कोवळी पानं खुडून, हातानं वळून रहमतनं यंदाही चहाचा डबा भरला. दरवर्षी तो टपालानं पाठवायचा, पण या वेळी स्वतःच घेऊन तेहरानला धाकट्या भावाकडे, सियावशकडे गेला. वडिलांमागं रहमतनंच त्याला शिकवून मोठं केलं होतं.

"दादा, आज कसा काय?" सियावश दारातच हळू आवाजात म्हणाला आणि डबा घेऊन आत गेला. दिवाणखान्यात त्याच्या कचेरीतले बडे साहेब बसले होते. रहमत कडेच्या खुर्चीवर टेकला.

चहा आला. साखरेचा खडा दातांत धरून साहेबांनी घोट घेतला आणि डोळेच मिटले.

"काय चव आहे हो! कुठून मागवता?"

"लंडनहून. एक मित्र पाठवतो," सियावश म्हणाला.

रहमतनं चमकून भावाकडे पाहिलं. भावानं नजर चुकवली.

"आणि हे कोण?" साहेबांनी विचारलं.

 

सियावशनं एक पेला रहमतपुढे सरकवला. "हे गावाकडची आमची बाग बघतात. घ्या काका, असला चहा तुमच्याकडे कुठला मिळायला?"