गणपतीतलं पथ्य

रूपेशने कुकर उचलून बायकोच्या दिशेने भिरकावला. तो किर्तीच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला आणि झाकण उडालं. गरम भाताची दोन शितं बाळाच्या जावळात अडकली. ती फुंकरीने उडवत, बाळाला छातीशी धरून किर्ती मोरीच्या कठड्याआड बसली.

रूपेशची आई, गुणवंतीबाई, मखरासमोर हात पसरून उभ्या राहून ओरडत होत्या. मेला पुन्हा ढोसून आलाय, घरात गणपती बसलेले असताना.

रूपेशचा धाकटा भाऊ अभय खालच्या मंडपातून धावत आला, कमानीचा उरलेला बांबू हातात घेऊनच. पहिला फटका रूपेशच्या खांद्यावर बसला, दुसरा कपाळावर. रक्त डोळ्यात उतरलं. रूपेशने अभयचा गळा धरून त्याला कपाटावर आपटलं. आरसा खळकन खाली आला. मार त्याला, गुणवंतीबाई म्हणत होत्या, आज सोडू नकोस, पोलिसांत दे.

किर्तीने बाळ दारातल्या शेजारणीकडे दिलं आणि दोघांच्या मधे शिरली. पुढचा फटका तिच्या मनगटावर बसला. तरी तिने रूपेशची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि वास घेतला.

दारू नव्हतीच. तो नुसता थरथरत होता. डोक्यात करंट बसतोय गं, झोपच नाही, असं काहीतरी पुटपुटत होता.

गेल्या वर्षी दारू सुटली तेव्हापासून त्याची उदासीवरची गोळी चालू होती.

"गोळी घेतोयस ना रे?"

"गणपती आणले तेव्हापासून नाही. ती पण नशाच ना."

अभयने हातातला बांबू खाली ठेवला. किर्तीने डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला आणि घडलेलं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ही गोळी अशी एकदम तोडायची नसते, आमच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. हे बहुतेक त्यामुळेच. घरच्या घरी जास्तीची देऊ नका, त्याला एकटं ठेवू नका, आत्ता घेऊन निघा. मग त्यांनी विचारलं, बंद करायला सांगितलं कुणी?

रूपेश कपाळावरचं रक्त पुसत राहिला.

गुणवंतीबाईंनी सुनेच्या हातून फोन घेतला.

"मी," त्या म्हणाल्या. "देवासमोर त्याचा हात धरून शपथ घ्यायला लावली मीच."