तोंडातले खिळे

तौहीदच्या अब्बांचं काही खरं नव्हतं, तरी मस्कतमधल्या रुवीतल्या वर्कशॉपचा अर्बाब, म्हणजे मालक, म्हणाला, “खुर्ची खलास कर, मग गावी जा.” खुर्ची फ्रेंच, दोनशे वर्षांपूर्वीची, नुसती मांडून ठेवायची. तौहीद तिच्यावर नवं रेशीम ताणून ठोकत होता. दोन्ही हात गुंतलेले, बारीक खिळे तोंडात धरलेले. ही पद्धत अब्बांनीच शिकवलेली. फोन वाजला. त्याने कोपराने स्पीकर लावला. “भाई, अब्बांच्या कानाशी फोन धरलाय,” रत्नागिरीहून बहीण साबेरा म्हणाली. “लवकर बोल काहीतरी.” त्याच्या घशातून कसाबसा हुंकार निघाला. रेशीम सोडून तो खिळे थुंकू लागला, पण जिभेखालचे निघता निघेनात. अब्बांचा क्षीण आवाज आला, “बोलायला लावू नको. त्याच्या तोंडात खिळे असतील. गिळेल.” शेवटचा खिळा रेशमावर पडला. “अब्बा,” तौहीद म्हणाला, “बोलतोय मी.” फोनवर फक्त साबेराचं रडणं होतं.